काळ्यावर काळं

शीलवंत सरांनी तो टेबलावर ठेवला
आणि आधी वर्गाचा आवाज गेला.
मुठीएवढा दगड, पिवळाधमक,
एका कडेला मात्र जांभळा, निळा, हिरवा,
एसटी स्टँडसमोरच्या डबक्यावर
डिझेल सांडतं ना, तसा.

मग सगळे एकदम: "सोनं!"
सर हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.
"नाव उद्या. आज नुसतं बघा.
हातात धरून बघा, केवढा जड आहे."

पद्मिणचा मामा ट्रक चालवतो.
त्यानं तो पार मलाजखंडहून आणलेला,
स्टेपनीशेजारी, पोत्याच्या चिंधीत बांधून.
आमच्या औशात दगड म्हणजे काळा.
बांधाचा काळा, विहिरीचा काळा,
किल्ल्याचा तर काळाच काळा.

घंटा झाली तेव्हा
तो माझ्या दप्तरात होता.
कसा आला ते मला विचारू नका,
मी पण स्वतःला विचारलं नव्हतं.

सराफ्यात उदावंतकाकांचं दुकान.
मी म्हणालो, "आमच्या घरचं हाय."
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
गल्ल्यामागून काळी कसोटी काढली,
त्यांच्या आज्यापासूनची, गुळगुळीत.
दगड घासला. एकदा. दोनदा.
काही नाही.
शेजारी स्वतःची अंगठी टेकवली,
लगेच केसाएवढी पिवळी रेघ.
"बघ मुनीर, सोनं बोलतं. हे मुकं हाय.
आन् घरचं असतं
तर तुला एवढा घाम कामून फुटला असता?"

रात्रभर दगड उशीखाली टोचला.

सकाळी सर दारातच उभे.
मी दप्तर उघडलं.
त्यांनी कान धरला नाही, नुसतं विचारलं,
"मग? काय म्हणाले उदावंत?"
(लहान गाव आहे आमचं.)
मी म्हणालो, "मुका हाय सर. काहीच लिहीत नाही."

सरांनी फुटक्या फरशीचा तुकडा पालथा केला.
मागची बाजू पांढरी, खरखरीत.
"ओढ रेघ."
मी ओढली.
पिवळ्या दगडातून काळी रेघ निघाली!
काळी, पण आत किंचित हिरवट,
रांजणाच्या बुडाशी शेवाळ असतं तशी.
मागची पोरं बाकावर चढली.
"कालही लिहिलं होतं त्यानं," सर म्हणाले,
"काळ्यावर काळं. वाचणार कोण?"

मग नाव सांगितलं: चाल्कोपायराइट.
पद्मिण म्हणाली, "चाल, को, पाय, राइट,"
आणि कवायतीत टाकतात तसा
उजवा पाय टाकत फळ्यापर्यंत गेली.
जुने वैद्य त्याला सुवर्णमाक्षिक म्हणत.
माक्षिक म्हणजे मध.
कडेचे ते मोरपंखी रंग नंतरचे,
हवा खाऊन खाऊन चढलेले.

सरांनी चौघांना एका बाकावर दाटून बसवलं.
"सुलभा लोखंड.
हे कदमांचे जुळे दोघं गंधक.
आणि मुनीर, तू तांबं.
आता भट्टी पेटली!
गंधक धूर होऊन उठलं, जाताना सगळ्यांना खोकवून गेलं."
जुळे खोकत खोकत पळाले.
"लोखंड मळीत गेलं."
सुलभा फुगून उठली, तिला मळी व्हायचं नव्हतं.
बाकावर उरलो मी एकटा.
कालचा चोर, आजचं तांबं.

"पण खाणीत एवढं सोपं नसतं," सर म्हणाले.
"तिथं शंभर किलो खडक फोडावा,
तेव्हा कुठं किलोभर तांबं.
कधी तेवढंही नाही."

संध्याकाळी दुकानात गेलो.
अब्बा मोटार भरत होते, पाच एचपीची,
भाद्याच्या कुणाच्या तरी बोअरची, जळलेली.
नवी तार लालसर, बल्बखाली चमकणारी.
"किती लागंल?" मी विचारलं.
"साडेतीन किलो."
मी बोटांवर हिशेब केला. मग परत केला.
जमिनीवर तारेचे तुकडे पडले होते,
रोज मी ते झाडूनं लोटायचो.
आज एकेक वेचून डब्यात टाकला.
"काय रे, आज काय झालं?" अब्बांनी विचारलं.
काही बोललो नाही. बघत बसलो.
साडेतीनशे किलो डोंगर
अब्बा दोन बोटांनी
हळूहळू गुंडाळत होते.